फेरातली जागा

वयाची सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला 'आपण कधी नाचलात काय?' असा प्रश्न केला, तर ती बहुधा हसून नकारार्थी मान हलवील. 'नाच' हा शब्द तिच्या माहेरी आणि सासरीही फारसा प्रतिष्ठित नव्हता. परंतु त्याच स्त्रीला फुगडीविषयी विचारावे. मग मात्र आठवणींचा ओघ थांबत नाही. कोणत्या वर्षी कोणाच्या मंगळागौरीला पहाटेपर्यंत जागरण झाले, कोणती नणंद बसफुगडीत कोणालाही हार जात नसे, कोणत्या मामीने पदर खोचून सूप असे नाचविले की सगळे माजघर पाहत राहिले, हे सारे तिला तपशीलवार आठवत असते. गुडघे दुखत असतात, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. पण या गोष्टी सांगताना हात आपोआप अढी घालू लागतात. नाच तिने केला नव्हता. ती खेळली होती. या एका शब्दाच्या आडोशाने महाराष्ट्रातील स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या शरीराला मोकळे होण्याची परवानगी मिळविली.

आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या स्त्रिया साधारणपणे १९७०च्या आगेमागे सासरी आल्या. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी मंगळागौर पुजायची आणि पाचव्या वर्षी उद्यापन करायचे, अशी रीत. सकाळी पत्रींची पूजा, दुपारी मुक्याने जेवण, संध्याकाळी आरती आणि मग भाजणीचे वडे, वाटली डाळ, मटकीची उसळ असा फराळ. त्यानंतर खऱ्या अर्थाने रात्र सुरू होई. देवीपुढे समई तेवत असे. पुरुषमंडळी ओसरीवर किंवा शेजाऱ्यांकडे निजावयास गेलेली असत. माजघरातील सतरंज्या उचलल्या जात, नऊवारीचा काष्टा घट्ट कसला जाई आणि पहिली फुगडी कोणी घालायची यावर लटका आग्रह सुरू होई. दिवसभर जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर ऐकू येऊ नये अशी अपेक्षा असे, ती नवी सून त्या रात्री साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात गात असे, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावीत नसे. धर्माने सांगितलेले जागरण होते ते; आणि जागे राहायचे म्हणजे काहीतरी खेळायला हवेच!

या खेळांची नुसती यादी केली तरी त्यांच्या मागे केवढी शरीरविद्या होती हे ध्यानात येते. साधी फुगडी, एका हाताची फुगडी, दंडफुगडी, बसफुगडी. झिम्मा आणि त्याचे प्रकार. पिंगा, कोंबडा, साळुंकी, गाठोडे, आगोटा-पागोटा. सूप, लाटणे, करवंटी अशी हाताशी असेल ती वस्तू घेऊन करावयाचे खेळ. टिपऱ्या आणि गोफ. उकिडवे बसून उड्या मारणे, कमरेत वाकून गिरकी घेणे, पायांची घडी घालून शरीराचे गाठोडे करणे हे सारे प्रकार एरवी तालमीत शोभावेत असे आहेत. ज्या घरांतील मुलींना व्यायाम या नावाखाली अंगणातदेखील धावू दिले जात नव्हते, त्या घरांत वर्षातून काही रात्री हा सगळा व्यायाम देवीच्या साक्षीने होत होता. तोंडाने घालायचा पकवा आणि पायांचा ठेका एवढेच वाद्य. त्यासाठी ना तबलजी लागे ना पेटीवाला.

त्यातही फुगडीची रचना विचार करण्यासारखी आहे. दोघींनी समोरासमोर उभे राहायचे, पायांचे चवडे जवळ आणायचे, हातांची अढी घालून एकमेकींचे पंजे घट्ट धरायचे आणि शरीर मागे झोकून द्यायचे. मागे झोकलेल्या त्या अवस्थेत दोघींपैकी कोणीही एकटी उभी राहू शकत नाही. एकीचे वजन हाच दुसरीचा आधार असतो. भीतीने एखादी ताठ उभी राहिली तर फुगडी रंगत नाही आणि एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. गती जसजशी वाढते तसतशा भोवतालच्या भिंती, समई, माणसे पुसट होत जातात आणि स्पष्ट दिसतो तो फक्त समोरचा चेहरा. सासू-सून, नणंद-भावजय, थोरली जाऊ-धाकटी जाऊ अशा जोड्या या स्थितीत एकमेकींना धरून फिरत, तेव्हा दिवसभराच्या मानापमानांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू पुन्हा सासू होई हे खरेच. परंतु रात्री तिने आपले सगळे वजन सुनेच्या हातांवर सोपविले होते, ही गोष्ट दोघींच्याही शरीराला ठाऊक असे.

गाण्यांतही हेच घडे. या खेळांच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल आहे, माहेरची ओढ आहे, दागिन्यांचे रुसवे आहेत आणि स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांची नक्कलही आहे. एक सासू होई, दुसरी सून, सवाल-जवाब रंगत. प्रत्यक्षात जे बोलता येत नाही ते गाण्याच्या आवरणाखाली बोलून घेण्याची ही सोय होती. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे जी अनेक संकलने सिद्ध केली, त्यांतून बायकांच्या या मौखिक भांडाराची समृद्धी शहरी वाचकांना प्रथमच इतक्या विस्ताराने दिसली. साने गुरुजींनी त्यापूर्वीच 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा संग्रह केला होता. पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. मात्र जात्यावरची ओवी आणि फुगडीचे गाणे यांच्या नशिबात एक मोठा फरक पडला. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, दळण्याचे कष्ट सरले आणि त्या कष्टांवर उभी असलेली ओवी हळूहळू मुकी झाली. फुगडी कामाच्या पोटी जन्मली नव्हती. ती विरंगुळ्यासाठी होती; म्हणून यंत्राने तिला मारले नाही. तिच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आठवणींच्या गोडव्यात झाकली जाणारी एक बाजू उघड केली पाहिजे. माजघरातील तो फेर सर्वांना मोकळा नव्हता. मंगळागौर ही सौभाग्याची पूजा. ज्या आत्याने वा काकूने तारुण्यात या साऱ्या फुगड्या गाजविल्या, तिच्याच कपाळाचे कुंकू पुसले गेले की तिची जागा फेरातून उठून स्वयंपाकघराच्या दाराआड जाई. गाणी तिला सर्वांत अधिक पाठ असत, चूक झाली तर आतून ती सांगतही असे. पण पाऊल टाकण्याचा अधिकार तिला उरला नव्हता. जी स्त्री अविवाहित राहिली, जिला नवऱ्याने टाकले, तिचीही गत फारशी निराळी नव्हती. शिवाय पाच वर्षे संपली, उद्यापन झाले, की नव्या सुनेची हक्काची रात्रही संपे. म्हणजे हा मोकळेपणा होता खरा. पण तो मापून दिलेला होता. 'आमच्या वेळी केवढी मजा होती' असे म्हणताना त्या मजेला कोण मुकले होते, याचाही हिशेब ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरी गोष्ट अशी की, फुगडी म्हणजे केवळ पांढरपेशांच्या मंगळागौरीतला खेळ, हा समजही बरोबर नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणातील वाड्या-वाड्यांतून शेतकरी स्त्रियांच्या फुगड्या रात्र-रात्र चालतात. गोव्यात चतुर्थीच्या सणाला फुगडी आहेच. शिवाय पौषातील रात्री मांडावर समोरासमोर दोन रांगा करून स्त्रिया ढालो खेळतात, तिथली गाणी कोंकणी असली तरी मनातले सल तेच असतात. आश्विनात हस्त नक्षत्राच्या सुमारास पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुलींचा भोंडला किंवा हादगा, खानदेश-विदर्भातील भुलाबाई, ही सारी त्याच कुळातील भावंडे. आणि पंढरीच्या वाटेवर तर पुरुषही फुगडी घालतात; टाळ-वीणा बाजूला ठेवून पागोट्यासह गिरक्या घेणाऱ्या वृद्ध वारकऱ्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. एकनाथ आणि तुकाराम यांनी फुगडीवर रूपके रचली, ती हा खेळ समाजाच्या अंगवळणी पडलेला होता म्हणूनच. तेव्हा फुगडी कोणा एका जातीची, एका व्रताची वा एका नात्याची मिरास नव्हती. सौभाग्याची अट व्रताने घातली होती, खेळाने नव्हे.

ही अट गेल्या काही दशकांत पुष्कळ ठिकाणी सैल झाली आहे आणि ती कशी झाली हे पाहणे उद्बोधक आहे. वाडे पडले, माजघरे गेली. दोन खोल्यांच्या सदनिकेत फेर धरण्याएवढी जागा राहिली नाही. मंगळवार हा कचेरीचा दिवस. रात्रभर जागून सकाळची लोकल वा बस पकडणे नोकरी करणाऱ्या मुलीला परवडेना. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना पायांचा ठेका सोसवेना. परिणामी मंगळागौर घरातून उठून कार्यालयाच्या सभागृहात गेली, मंगळवारची शनिवार-रविवारी आली आणि पहाटेऐवजी संध्याकाळी आटोपू लागली. घरातल्या मुलींना खेळ येत नाहीत, म्हणून खेळ करून दाखविणारे महिलांचे गट पुढे आले. आज पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत असे गट मानधन घेऊन कार्यक्रम करतात. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांतही श्रावणात असे कार्यक्रम होतात.

या गटांना नाके मुरडण्याचे कारण नाही. त्यांत शिक्षिका आहेत, बँकेतून वा कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकून स्त्रिया आहेत, मुले मार्गी लागल्यावर 'आता आपल्यासाठी काही' म्हणून आलेल्या गृहिणी आहेत. व्रताशी संबंध सुटल्यामुळे सौभाग्याची अटही आपोआप गळून पडली. ज्या स्त्रीला जुन्या माजघरात दाराआड बसावे लागले असते, ती आता गटात पुढे उभी राहून खेळू शकते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र यांविषयीचा तो ठराव होता. परंतु त्याचा खरा अर्थ, कोणत्याही स्त्रीला तिच्या वैवाहिक स्थितीवरून फेराबाहेर काढू नये, हाच आहे. शहरातील या खेळगटांनी कोणताही ठराव न करता हे काम काही अंशी साधले. परंपरा बदलली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा लाभ आधी जमेस धरला पाहिजे.

मग हरवले काय? हरवली ती न येणाऱ्या मुलीची जागा. माजघरात प्रेक्षक नव्हते. दमलेली भिंतीला टेकून बसे, ती पुढच्या खेळाला उठण्यासाठी. झिम्म्यात जिची टाळी चुके तिला हसत. पण तिच्या जागी दुसरी आणून बसवीत नसत. चुकत, पडत, पुन्हा उठत तिसऱ्या वर्षापर्यंत तीच मुलगी दुसरीला शिकवू लागे. आता सभागृहात एका बाजूला एकसारख्या नऊवारीतील, एकसारखी नथ घातलेल्या, सराव झालेल्या आठ-दहा जणी आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर बसलेली दीडदोनशे माणसे असे चित्र दिसते. ज्या नव्या नवरीसाठी हा सारा घाट घातला ती शालू सावरीत सोफ्यावर बसलेली असते. तिला एखादी फुगडी छायाचित्रापुरती घालायला लावतात. जमलेल्या पाहुण्यांचे हात एकमेकींच्या हातांत नसतात, मोबाइलवर असतात. कार्यक्रम उत्तम होतो, टाळ्या पडतात. पण घरी परत जाताना कोणाच्याही पोटऱ्या दुखत नाहीत.

स्पर्धांनी ही विभागणी आणखी पक्की केली. स्पर्धा म्हटली की वेळेचे बंधन, परीक्षक आणि गुण आले. गुण आले की चुकणारीला वगळणे आले. 'बाईपण भारी देवा' हा केदार शिंदे दिग्दर्शित चित्रपट २०२३च्या जून-अखेरीस प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची ती कथा पाहण्यासाठी स्त्रिया गटागटाने चित्रपटगृहांत गेल्या आणि चित्रपटाने मोठे यश मिळविले. त्या यशाचे मर्म बक्षिसात नव्हते. दुरावलेल्या, कुरकुरणाऱ्या, गुडघे धरून बसणाऱ्या बहिणींनी पुन्हा एकमेकींचे हात धरणे, हेच प्रेक्षकांतील स्त्रियांना आपले वाटले. त्याआधी २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'तील 'पिंगा' या नृत्यावरून बराच वाद झाला होता. पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी इतिहासाचा आणि घराण्याच्या मर्यादेचा मुद्दा काढला. तो मुद्दा आपल्या जागी असो. पिंग्याच्या दृष्टीने तक्रार निराळीच करता आली असती. पिंगा हा कोणाला दाखविण्यासाठी नसतोच. तो कोणाच्या नजरेसाठी घातला की त्याचे नाव तेच राहते, जात बदलते.

येथे शेजारच्या गुजरातेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. गरब्याचे व्यापारीकरण काही कमी झालेले नाही. तिकिटे, ध्वनिक्षेपक, प्रायोजक हे सारे तेथे आहे. त्यावर टीकाही रास्तच होते. पण गरब्याने एक गोष्ट हातची सोडली नाही. मैदानात शिरलेला माणूस तेथे पाहायला जात नाही, खेळायला जातो. ज्याला पावले येत नाहीत तो बाहेरच्या वर्तुळात हळूहळू टाळ्या देत फिरतो आणि जिला येतात ती आतल्या वर्तुळात गिरक्या घेते. शिकणारा आणि शिकलेला एकाच फेरात असतात. लोकनृत्य टिकण्याचे याहून मोठे रहस्य नाही. संग्रहालयात चित्रफीत ठेवल्याने नृत्याची नोंद राहते. नृत्य राहते ते पायांत.

महाराष्ट्रातही हे अशक्य नाही आणि त्यासाठी मोठ्या योजनांचीही गरज नाही. अनेक शाळांत आश्विनात भोंडला होतो. त्यात निवडक मुलींचे पथक न करता सगळा वर्ग फेरात उभा करावा, मुलांनाही घ्यावे. वारीत पुरुषांना चालणारी फुगडी शाळेच्या पटांगणावर मुलांना का चालू नये? स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकेवर बसविलेली नृत्ये असतातच. त्यांच्या जोडीला मुलांनी स्वतः गाऊन स्वतः धरलेला एखादा फेर असावा, ज्यात पंचवीस मुले चुकली तरी कोणी तिसऱ्या रांगेत लपविले जाणार नाही. कचेऱ्यांतून महिला दिन साजरा होतो, त्यात भाषणाचा अर्धा तास कमी करून झिम्म्याला द्यावा. आणि मानधन घेऊन खेळ करणाऱ्या गटांनीही यजमानांशी एवढाच करार करावा की पहिला अर्धा तास आम्ही खेळून दाखवू, पुढचा एक तास तुम्हांला खेळवू. काही गट आजही प्रेक्षकांतील स्त्रियांना उठवून फेरात ओढतात. त्या वेळी सभागृहाचा नूरच पालटतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा, गाणी सांगावीत. जुन्या माजघरात दाराआड बसलेल्या काकूने तेच केले होते. फरक इतकाच असावा की आता तिने ते दाराआडून करू नये, फेराच्या मध्यावर बसून करावे.

उत्तम नाचणाऱ्यांची समाजाला वाण नाही. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर त्या रोज दिसतात, आणि त्यांचे कौशल्य पाहून सामान्य माणसाच्या मनात 'हे आपले काम नव्हे' ही भावना अधिकच घट्ट होते. लोकनृत्याचे काम नेमके याच्या उलट आहे. ज्याला नाचता येत नाही त्याच्यासाठीच ते निर्माण झाले. त्याची पावले मुद्दाम सोपी ठेवलेली, त्याचे ठेके मुद्दाम पुनःपुन्हा येणारे, त्याची रचना वर्तुळाची. कारण वर्तुळाला पहिली रांग नसते आणि शेवटचीही नसते. आज सत्तरीत असलेल्या स्त्रिया ज्या रात्री एवढ्या प्रेमाने आठवतात, त्या रात्री त्यांनी काही फार सुंदर नृत्य केले होते म्हणून आठवीत नाहीत. त्या रात्री कोणीतरी हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि सगळे वजन मागे झोकून दिले, म्हणून आठवतात. पुढच्या पिढीजवळही अशी एखादी आठवण असावी असे वाटत असेल, तर तिच्यासाठी चांगली खुर्ची राखून ठेवण्यापेक्षा फेरात एक हात मोकळा ठेवणे अधिक अगत्याचे आहे.